पाठीवरचं वटवाघूळ

संपादक महोदय, स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला मध्य अमेरिकेतल्या माया लोकांच्या विणकामावरचा लेख वाचला. चित्रं झकास. पण ‘लोप पावलेल्या संस्कृतीची वस्त्रे’ हा मथळा खटकला. त्या लोप पावलेल्या लोकांचं एक जाकीट माझ्या कपाटात आहे. मूळ मालकानं कोपरं झिजेपर्यंत वापरलेलं.

मुलगी कामानिमित्त ग्वाटेमालात होती. तिथल्या सोलोला गावच्या शुक्रवारच्या बाजारातून तिनं ते आणलं. चाळीस वर्षं शिंपीकाम केलेला माणूस मी, अंगात घालण्याआधी उलटं करून पाहिलं. घोंगडीसारखं जाड, करडं लोकरी कापड. उंची कमरेपर्यंतच. कडांना आणि बाह्यांना काळ्या फितीची वळणं, आपल्याकडे बँडवाल्यांच्या कोटावर असतात तशी. ही तऱ्हा युरोपी कोटांवरून आली. पाठीवर मात्र त्याच फितीचं वटवाघूळ! आमच्या सौभाग्यवतींनी ते घरात टांगायला साफ नकार दिला. सोलोलाचे काकचिकेल लोक, म्हणजे मायांपैकीच एक समाज, तेच चिन्ह मानानं मिरवतात. त्यांच्या भाषेत वटवाघूळ म्हणजे ‘सोत्स’. १५२४ साली स्पॅनिश आले तेव्हा त्यांच्या इशिमचे या राजधानीत जी घराणी राज्य करत होती, त्यांतल्या एकाचं नावच सोत्सिल.

दुसरं, सगळं कापड बायका पट्ट्यानं कमरेला बांधलेल्या मागावर विणतात, असं लेखात आहे. हुइपिल, म्हणजे बायकांचा झगा, तसाच विणतात. पण त्या मागावर हात पोचेल तेवढाच पन्हा निघतो. जाकिटाचं लोकरी कापड पायमागावरचं. तो माग स्पॅनिशांनी नेला आणि त्यावर बसले मुख्यतः पुरुष.

पुरुषांचा पोशाख बऱ्याच गावांतून गेला, हे खरं. १९६० ते १९९६ च्या यादवीत कपड्यावरून गाव ओळखू यायचं आणि ते जिवावर बेतायचं. तरी सोलोलात अजून जाकीट घालतात.

शेवटची विनंती चित्राखालच्या ओळीबद्दल. ‘माया पुरुष’ एवढंच छापलंय. लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या त्या विजारी तोदोस सांतोस कुचुमातान गावच्या आहेत. पुढच्या वेळी गावाचं नाव तेवढं घाला.

आपला,
एक निवृत्त शिंपी, मिरज