बोलावणं तरी करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डायलिसिसच्या बातम्यांत मशीन किती आणि मोफत कुणाला, एवढंच येतं. ते हवंच. २०१६ साली पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला आणि गरिबाला जिल्हा रुग्णालयात आधार मिळाला. पण मशीनवरून उठून घरी आल्यावर आमचे दिवस कसे जातात, तेही कुणी छापावं.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका. मधुमेहाने मूत्रपिंडं गेली. सोमवार, बुधवार, शुक्रवार चार-चार तास खाटेवर. त्या संध्याकाळी अंगात त्राण नसतं. मंगळवारी मात्र मी भाजी निवडते, पेपर वाचते, गप्पांना माणूस शोधते. सुरुवातीला शहाळी घेऊन घर भरलं होतं. शहाळ्यात पोटॅशियम असतं, आम्हाला चालत नाही, म्हणून ती शेजारी वाटली. हळूहळू माणसंही थांबली.

यात कुणाच्या मनात वाईट नाही, हे मला कळतं. आपल्याकडे येणंजाणं चहापाण्यावर चालतं. मला दिवसाला एक लिटर पाण्याची मर्यादा घालून दिलीय. चहा, आमटी, ताक सगळं त्यातच. मग ‘हिला द्यायचं काय?’ म्हणून हळदीकुंकवाचं बोलावणं बंद झालं. ‘तुम्हाला कशाला त्रास’ म्हणून लग्नाची पत्रिका येईना. भजनी मंडळ शुक्रवारी बसतं, तेही सुटलं. डाव्या हातावर फिस्टुला आहे, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला शस्त्रक्रियेने जोडलेली रक्तवाहिनी. बोट ठेवलं की आत सतत घरघर लागते. शेजारची मुलगी हात लावून बघत होती, तर आईने तिला मागे ओढलं. मूत्रपिंडाचा हा आजार स्पर्शाने पसरत नाही, एवढं तरी शाळांतून सांगा हो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात सहांत एक माणूस एकाकी आहे. आमच्या केंद्रात शेजारच्या खाटेवरचा तरुण चार तास छताकडे बघत पडतो. नोकरी गेली, ठरलेलं लग्न मोडलं. आम्ही एकमेकांशी बोलू लागलो तेही सलाइन लावणाऱ्या सिस्टरने ओळख करून दिली म्हणून. रुग्णालयांतल्या समाजसेवा अधीक्षकांनी महिन्यातून एकदा रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना एकत्र बसवावं. त्याला खर्च नाही, एक खोली आणि सतरंजी पुरे.

आणि ओळखीपाळखीच्यांना विनंती: मंडळाचा वार बदलता आला तर बदला, पत्रिका द्या, फोन करा. यायचं की नाही, ते आमचं आम्ही ठरवू.

आपली,
एक वाचक, कराड
(नाव व पत्ता संपादकांकडे)