बाबा, अँटीव्हायरसचे पैसे तूर्त भरू नका

नेरूळ, नवी मुंबई
शनिवार, रात्री

तीर्थरूप बाबा आणि तीर्थरूप आई यांस,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

नेरूळहून नौपाड्याला यायला फारसा वेळ लागत नाही आणि फोन तर रोजच होतो, मग पत्र कशाला, असे तुम्हाला वाटेल. परंतु बाबा, हा विषय मी फोनवर दोनदा काढला आणि दोन्ही वेळा तुम्ही "बरं, बघू" म्हणालात. त्यावर आईने जेवलीस का विचारले आणि बोलणे तिथेच राहिले. नोकरीत असताना समोरच्याला "लेखी द्या" सांगण्याची तुमची पद्धत होती, म्हणून लेखी देत आहे. गोखले रोडवरच्या दुकानदाराने तुमचा फोन, आईचा फोन आणि टॅब अशा तिन्हींच्या दोन वर्षांच्या अँटीव्हायरसचे १,८०० रुपये सांगितले आहेत. ते भरू नयेत असे माझे मत आहे. दिवसभर ऐरोलीच्या कचेरीत मी मोबाइलवरच्या ॲप्सच्या चाचण्याच घेते, तेव्हा हे मत अगदीच ऐकीव नाही.

मुळात हे सगळे सुरू झाले ते त्या लाल पाटीवरून. गेल्या रविवारी तुम्ही भिंग लावून मला ती वाचून दाखवलीत: "तुमच्या फोनमध्ये १३ व्हायरस आढळले, ताबडतोब साप करा." 'साफ'चा 'साप' झाल्यावर आई हसली, पण तुमच्या चेहऱ्यावरची काळजी काही गेली नाही. ती पाटी कोणत्याही तपासणीतून आलेली नव्हती. एखाद्या वेबसाइटला तुमच्या फोनच्या आत शिरून व्हायरस मोजता येत नाहीत. तेरा हा आकडा तिथे आधीपासून लिहूनच ठेवलेला असतो आणि तो माझ्या फोनवरही तेराच दिसला असता. राशिभविष्याच्या कुठल्याशा पानाने "सूचना पाठवू का" असे विचारले असताना तुमच्याकडून 'अनुमती द्या' दाबले गेले होते, आणि तेव्हापासून ते पान तुम्हाला जाहिराती पाठवत होते. क्रोमच्या सेटिंग्जमधल्या 'सूचना' या भागात जाऊन मी त्या पानाची परवानगी काढून घेतली. त्यानंतर आजपर्यंत एकही पाटी आलेली नाही, हे तुम्हीच काल सांगितलेत.

घरच्या कॉम्प्युटरला दर वर्षी अँटीव्हायरस भरत होतो, मग फोनला का नको, हा तुमचा प्रश्न मात्र रास्त आहे. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात करून क्विक हील उभारणाऱ्या कैलास काटकरांबद्दल तुम्ही किती अभिमानाने बोलता ते मला ठाऊक आहे, आणि त्या काळी ते सॉफ्टवेअर लागतच होते. आपल्या जुन्या विंडोज एक्सपीवर कोणताही प्रोग्राम एकदा सुरू झाला की त्याला घरभर मोकळे रान असे. झेरॉक्सच्या दुकानातून आणलेला पेन ड्राइव्ह नुसता लावला तरी त्यातले सोंग आपोआप चालू होऊन इतर फाइलींत शिरत असे. फोनची बांधणी मुळातच तशी नाही.

बँकेतल्या लॉकरच्या खोलीचे उदाहरण घ्या. प्रत्येकाला आपापला कप्पा मिळतो, त्यात तो काय हवे ते ठेवतो, पण शेजारच्याचा कप्पा त्याला उघडता येत नाही. अँड्रॉइडवर प्रत्येक ॲप असेच आपल्या कप्प्यात बंद असते; व्हॉट्सॲपला बँकेच्या ॲपमधला मजकूर दिसत नाही आणि पंचांगाच्या ॲपला दोन्हींतले काही दिसत नाही. कॅमेरा, फोनबुक, एसएमएस अशा सामाईक गोष्टी हव्या असतील तर ॲपने तुमची परवानगी मागायची, आणि २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून ती परवानगी एकेक करून, ऐन वापराच्या वेळी मागावी लागते. आता गंमत अशी की अँटीव्हायरससुद्धा एक ॲपच आहे, म्हणजे तेही त्याच खोलीतले एक खातेदार आहे, पहारेकरी नव्हे. फार तर बाकीची ॲप्स कोणकोणती आहेत ते पाहावे, त्यांच्या मूळ फाइली आपल्याकडच्या काळ्या यादीशी ताडाव्यात, एवढे ते करू शकते. कप्प्याच्या आत काय चालले आहे ते त्यालाही दिसत नाही. मावशीच्या आयपॅडवर तर तेवढेही शक्य नाही. तिथे एका ॲपला दुसरे ॲप तपासताच येत नाही, त्यामुळे आयफोन-आयपॅडसाठी 'अँटीव्हायरस' म्हणून जे मिळते त्यात फसव्या वेबसाइटींचा इशारा, पासवर्ड ठेवण्याची सोय अशाच गोष्टी असतात.

आणि हे ताडून पाहण्याचे काम तुमच्या फोनमध्ये आधीपासून, फुकट चालू आहे. गूगलने २०१७ साली आणलेले 'प्ले प्रोटेक्ट' फोनमधली ॲप्स आपणहून तपासत असते. खात्री करायची असेल तर प्ले स्टोअर उघडून वर उजवीकडच्या आपल्या गोल चित्रावर बोट ठेवा, तिथे त्याचे नाव दिसेल. ते अचूक आहे असे मी म्हणणार नाही, कारण प्ले स्टोअरमध्येही अधूनमधून वाईट ॲप शिरतेच. पण विकतचे अँटीव्हायरस त्याहून भरवशाचे असेलच असेही समजू नका. ऑस्ट्रियातल्या एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज या चाचणीसंस्थेने २०१९ साली अँड्रॉइडची २५० अँटीव्हायरस ॲप्स तपासली, तेव्हा धोकादायक ॲप्सपैकी ३० टक्क्यांहून अधिक ओळखणारी आणि निर्दोष ॲप्सवर खोटा आळ न घेणारी अवघी ८० निघाली. काही तर आपल्या यादीत नसलेल्या प्रत्येक ॲपला चोर ठरवत होती आणि त्या भरात स्वतःलाच चोर म्हणत होती! त्याआधी २०१४ साली 'व्हायरस शील्ड' नावाचे विकतचे ॲप दहा हजारांहून अधिक लोकांनी घेतले होते. बोट लावले की फुलीच्या जागी बरोबरची खूण दाखवायची, याखेरीज ते काहीही करत नव्हते. गूगलला पुढे लोकांचे पैसे परत करावे लागले. २०२२ मध्ये बँकेचे तपशील चोरणारे 'शार्कबॉट' प्ले स्टोअरवर सापडले, तेही अँटीव्हायरसचाच वेष घेऊन. चांगल्या कंपन्यांची चांगली ॲप्सही आहेत, ती फसव्या लिंकवर इशारा देतात, हे मी नाकारत नाही. परंतु दुकानदार जे ॲप घालून देणार आहे ते कोणते, हे त्यालाही धड सांगता आले नव्हते.

तुम्ही पेगॅससचाही दाखला दिला होता. ते इस्रायलच्या एनएसओ कंपनीचे, सरकारांना विकले जाणारे हेरगिरीचे हत्यार आहे आणि दुकानात मिळणाऱ्या अँटीव्हायरसने ते अडत नाही. २०१९ मध्ये ते व्हॉट्सॲपच्या कॉलमधून, कॉल न उचलताही फोनमध्ये शिरत होते. ती फट बुजली ती व्हॉट्सॲपच्या अपडेटने.

खरी काळजी मला दुसऱ्याच गोष्टीची आहे, आणि तिथे श्रेय आईचे आहे. सोसायटीच्या ग्रुपवर तळमजल्यावरच्या काकांच्या नंबरावरून जी 'लग्नपत्रिका' आली, ती पत्रिका नव्हतीच; नावाच्या शेवटी 'डॉट एपीके' होते, म्हणजे ते एक अख्खे ॲप होते. आई, तू त्यावर बोट ठेवण्याआधी "यांच्या मुलीचे लग्न तर वैशाखातच झाले, आता कोणाचे?" म्हणून खाली जाऊन विचारलेस, म्हणून वाचलो. काकांनी आदल्या दिवशी अशीच एक फाइल उघडली होती आणि त्यांच्या फोनमधून ती सगळ्यांना जात होती. अशी फाइल उघडली की फोन आधी अडवतो, अनोळखी ठिकाणाहून ॲप घेण्याची परवानगी मागतो. ती दिली की ते ॲप एसएमएस वाचण्याची परवानगी मागते, आणि तीही दिली की बँकेचा ओटीपी थेट चोराच्या हाती. म्हणजे लॉकरची किल्ली आपणच आपल्या हाताने देतो. वाहतुकीचे ई-चलन, गॅसचे बिल, बँकेची केवायसी, अशी सोंगे वेगवेगळी असतात. "बिल भरले नाही, आज रात्री साडेनऊला वीज कापू" हा संदेशही त्याच जातीचा, तुमची भीती आणि घाई ओळखून लिहिलेला. कुणी फोन करून "आमचे ॲप घ्या, मी तुमच्या स्क्रीनवर बघून दुरुस्त करतो" म्हणाले, तर तेव्हाही ॲप खरेच असते, फक्त पलीकडचा माणूस खोटा असतो. तिथे अँटीव्हायरसने बोलावे तरी काय?

टॅबचे मात्र काहीतरी करायला हवे. तो २०१८ सालच्या अँड्रॉइड ९ वर अडकला आहे आणि त्या आवृत्तीला गूगल आता सुरक्षेची अपडेट देत नाही. घराच्या भिंतीलाच भगदाड असेल तर आत आणखी एक ॲप ठेवून ते बुजत नाही. अक्षरे मोठी दिसतात म्हणून बाबा, तुम्ही बँकेचे ॲप टॅबवर वापरता, ते तिथून काढू या. कीर्तने, नाटके आणि नातवंडांशी बोलणे यासाठी टॅब खुशाल राहू दे, व्यवहार फोनवर करा. फोनची अक्षरेही मोठी करता येतात, मी करून देते. ते १,८०० रुपये नव्या टॅबसाठी बाजूला टाकले तर त्यांचा अधिक उपयोग होईल. तरीही मनाला रुखरुख राहिलीच, तर सी-डॅक या सरकारी संस्थेने तयार केलेले 'एम-कवच २' विनामूल्य आहे, ते प्ले स्टोअरमधून घालून देईन.

दोन्ही फोनची अपडेट मी रविवारी घालते, तोवर कुणी कितीही प्रेमाने पाठवलेली एपीके उघडू नका. आणि चुकून उघडली गेलीच, तर मला काय वाटेल याचा विचार करत बसू नका: आधी फोनचे इंटरनेट बंद करा, मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार करा. मला त्यानंतर सांगितलेत तरी चालेल.

रविवारी सकाळी नऊच्या सुमारास पोहोचते. टॅब चार्ज करून ठेवा. आई, टॅबचा पासवर्ड गेल्या वेळी पंचांगाच्या मागच्या पानावर, बँकेच्या पिनच्या शेजारी सापडला होता. ते पान मी येईपर्यंत कपाटात ठेव, दोन्ही बदलून मग फाडू.

तुमची,
धाकटी