वहिनींच्या उमेदवारीबद्दल

नंदुरबार

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. धुळ्यातला तुमचा वॉर्ड महिला राखीव झाला, म्हणून वहिनींना उभं करतोयस. इथवर ठीक. पण 'सही तिची, कारभार माझा' हे तू इतक्या ऐटीत लिहिलंयस की मला राहवलं नाही.

अरुणा असफ अली आठवतात? शाळेत आपल्याला एवढंच शिकवलं: ९ ऑगस्ट १९४२, गवालिया टँक, त्यांनी झेंडा फडकवला. (पुढे ९ सप्टेंबरला आपला शिरीषकुमार इथेच गोळ्यांना सामोरा गेला, तेव्हा नंदुरबारच्या पोरांना ऑगस्टची ती सकाळ पाठ असायला हवी.) पण त्यांचा नवरा तेव्हा कुठे होता, ते कुणी सांगितलं नाही. असफ अली नामांकित वकील, काँग्रेसचे पुढारी, वयानं वीसेक वर्षांनी मोठे. त्यांना त्याच पहाटे पकडलं आणि अहमदनगरच्या किल्ल्यात टाकलं. त्यांनी कुठून सांगून पाठवायचं होतं, 'आज झेंडा फडकव' म्हणून?

बाई भूमिगत झाल्या. सरकारनं घरदार जप्त करून लिलावात काढलं, डोक्यावर ५,००० रुपयांचं बक्षीस लावलं. तब्येत ढासळली तेव्हा खुद्द गांधीजींनी लिहिलं, आता हजर हो, ते बक्षीस हरिजनांच्या कामाला दे. तरी ऐकलं नाही. १९४६ मध्ये वॉरंट मागे घेतल्यावरच बाहेर आल्या. गांधीजींचं न ऐकणारी बाई नवऱ्याच्या सांगण्यावरून सही करेल, असं वाटतं तुला?

आणि हे बळ ४२ मध्ये अचानक आलेलं नव्हतं. मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेल्या होत्या. १९३१ मध्ये गांधी-आयर्विन करारानंतर राजबंदी सुटले, यांना मात्र सोडेनात, तर सोबतच्या बायकांनी बाहेर पडायलाच नकार दिला. ह्या बायकांनी नवऱ्याचा हुद्दा बघून हट्ट धरला असेल, असं मला वाटत नाही. पुढच्याच वर्षी त्या पुन्हा आत गेल्या आणि राजबंद्यांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध उपोषणाला बसल्या.

१९५३ मध्ये असफ अली वारले. १९५८ मध्ये दिल्लीची महानगरपालिका नव्यानं उभी राहिली आणि नगरसेवकांनी पहिल्या महापौर म्हणून अरुणाबाईंना निवडलं. मुंबईत सुलोचना मोदी १९५६ मध्येच महापौर झाल्या होत्या, पण दिल्लीत सुरुवातच बाईपासून झाली. मुदत फक्त वर्षाची. अंमलबजावणीचे अधिकार आयुक्तांकडे. अधिकारांचं आपल्याकडेही तेच, तुला काय सांगायचं! म्हणूनच माझं म्हणणं असं की, ज्या खुर्चीला मुळात अधिकार थोडे, तिथे बसणाऱ्याचा स्वतःचा शब्द तरी असावा. महासभेत आयुक्तांना उभं करून प्रश्न विचारायचा, तो बाजूच्या खुर्चीवरून नवऱ्यानं कानात सांगून कसा चालेल?

भारतरत्न १९९७ मध्ये मिळालं, मृत्यूनंतर. तेही असो.

वहिनी बचत गटाचा हिशेब पै-पैचा ठेवतात, बँकेच्या साहेबाला गप्प करतात, हे तूच मला कौतुकानं सांगितलंस. मग पाणीपुरवठ्याची फाइल त्यांना कळणार नाही हे कशावरून ठरवलंस? आणि मुळात, उभं राहायचं का, हे त्यांना विचारलंस का? तेवढं आधी कळव. त्या हो म्हणाल्या तर प्रचाराला मी येतो, पण पत्रकावर तुझा फोटो त्यांच्यापेक्षा मोठा दिसला तर तिथूनच परत फिरेन.

तुझा,
नंदुरबारवाला भाऊ