खर्चात जिल्हा पहिला, मग नळाला पाणी का नाही?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकात पहिल्या पानावर ‘निधी खर्चात जिल्हा अव्वल’ ही बातमी वाचली आणि तेव्हापासून डोकं तापलंय. बातमीत टक्केवारी आहे, पालकमंत्र्यांचा फोटो आहे, कोणत्या विभागाने किती टक्के खर्च केला त्याचा रंगीत तक्ता आहे. त्या पैशातून लोकांना काय मिळालं याची एक ओळ नाही. तुमच्या प्रतिनिधींना हे विचारावंसं सुद्धा वाटलं नाही का?

मी जिल्हा परिषदेच्या अर्थ विभागात नोकरी करून निवृत्त झाले, त्यामुळे शंभर टक्के खर्च कसा होतो ते मला कोणी सांगायला नको. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एमबी म्हणजे कामाच्या मोजमापाची वही भरायची घाई, बिलांचे गठ्ठे, रात्री उशिरापर्यंत ऑफिसचे दिवे चालू, प्रत्येक टेबलावर एकच धसका की निधी परत जाता कामा नये. निधी परत गेला तर खुलासा द्यावा लागायचा. काम वाया गेलं म्हणून कोणाला खुलासा विचारलेला मी तरी बघितला नाही. कार्यक्रम अंदाजपत्रकासाठी माहिती मागवायचे तेव्हा सुद्धा भौतिक उद्दिष्ट, भौतिक साध्य, आर्थिक उद्दिष्ट, आर्थिक साध्य एवढंच भरायचं. किती विहिरी खोदल्या ते लिहायचं, विहिरीला पाणी लागलं का ते लिहायला जागाच नव्हती.

आता माझ्या घरचं सांगते कारण तुमच्या त्या तक्त्यात पाणीपुरवठा सगळ्यात वर आहे. आमच्या गावात जलजीवन मिशनचं, म्हणजे घरोघरी नळाने पाणी द्यायच्या केंद्राच्या योजनेचं काम झालं. टाकी बांधली, रस्ते उकरून पाइप टाकले, रस्ते तसेच ठेवले, दारोदार नळ बसवले. आमच्या नळाचा फोटो काढून नेला, आधार नंबर घेतला, ग्रामसभेत ठराव झाला आणि गाव ‘हर घर जल’ म्हणून जाहीर झालं. पण योजनेची जी उद्भव विहीर आहे, म्हणजे जिथून टाकीत पाणी यायचं ती, होळी झाली की तळाला जाते, हे गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल आणि काम सुरू व्हायच्या आधी म्हाताऱ्या माणसांनी साइटवर येऊन सांगितलं सुद्धा होतं. इस्टिमेट मंजूर झालंय, आता जागा बदलता येणार नाही, असं उत्तर मिळालं. आज त्या नळाची तोटी उन्हाने इतकी कडक झालीये की हाताने फिरत नाही, स्टँडपाइपला जाऊबाईंनी शेळी बांधलीये, आणि आम्ही दोघी या वयात हापशावर नंबर लावतो नाहीतर पैसे देऊन टँकर मागवतो. मी ऑनलाइन तक्रार केली तर काय उत्तर यावं? ‘सदर कुटुंबास नळजोडणी देण्यात आलेली आहे, तक्रार निकाली काढण्यात येत आहे.’ अहो, नळजोडणी नाही अशी माझी तक्रारच नव्हती! पाणी नाही अशी होती. चिडून परत लिहिलं तर तेच उत्तर, फक्त तारीख बदललेली.

या योजनेचं उद्दिष्ट काय आहे बघा. माणशी रोज 55 लिटर पाणी, पिण्यालायक आणि नियमित. म्हणजे कागदावर परिणाम लिहिलेला आहे, मोजायचं कसं तेही ठरलेलं आहे. आणि हे मोजता येत नाही असं कोणी सांगू नये, कारण केंद्र सरकारनेच 2022 मध्ये देशभर पाहणी करून घेतली होती तेव्हा सगळ्या निकषांवर बसणारे नळ साधारण 62 टक्के घरांमध्ये निघाले. मला त्या पाहणीबद्दल खरंच आदर वाटला, कारण निदान कोणीतरी घरात जाऊन तोटी उघडून बघितली. पण जिल्ह्याच्या आढावा बैठकीत कायम दोनच आकडे असतात, जोडण्या किती आणि खर्च किती, आणि बातमी पण तेवढीच येते.

हे काही आजचं नाही. पहिल्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने कामगिरीवर आधारित बजेट करा म्हणून सांगितलं त्याला पन्नास वर्षं कधीच उलटली. 2005 मध्ये तेव्हाचे केंद्रीय अर्थमंत्री चिदंबरम यांनी आउटकम बजेट आणलं, तेव्हा आमच्या ऑफिसात सुद्धा चर्चा झाली होती की आता खर्चाचा नाही तर परिणामाचा हिशोब द्यावा लागणार, आणि मला मनापासून बरं वाटलं होतं. 2009 मध्ये केंद्रातल्या खात्यांना मार्क द्यायची पद्धत आली आणि सरकार बदलल्यावर ती गेली. आता नीती आयोगाची आउटपुट-आउटकमची, म्हणजे काम किती आणि परिणाम काय हे दोन्ही मोजायची चौकट आहे. दिल्लीत नावं बदलत राहतात आणि तालुक्याच्या ऑफिसातला तक्ता तोच राहतो.

आपल्याकडचं जलयुक्त शिवार घ्या, राज्य सरकारची जलसंधारणाची योजना. 2019 पर्यंत महाराष्ट्र दुष्काळमुक्त करायचा होता. सरकारी हिशोब तपासणाऱ्या कॅगचा अहवाल 2020 मध्ये विधिमंडळात आला, त्यात म्हटलं होतं की 9,633 कोटी खर्च होऊनही गावं पाण्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण करण्यात आणि भूजल पातळी वाढवण्यात फारसा परिणाम दिसला नाही. मी योजनेच्या विरोधात नाही, काही गावांत चांगलं काम झालेलं मी स्वतः पाहिलंय. पण ती कोणती गावं आणि तिथे काय वेगळं केलं हे शोधून बाकीच्यांना सांगायचं सोडून दोन्ही बाजूंनी फक्त राजकारण झालं.

आणि आणखी एक, राहवत नाही म्हणून लिहिते. तुमच्या पेपरमध्ये पूर्वी तालुक्यांसाठी एक अख्खं पान असायचं, गावोगावचे वार्ताहर टंचाईच्या बातम्या पाठवायचे, टँकर कुठे आला नाही ते नावानिशी छापून यायचं आणि दुसऱ्या दिवशी बीडीओ हलायचे. आता ते पान दोन कॉलमवर आलंय आणि त्यातही अर्ध्या जागेत वाढदिवसाच्या जाहिराती. जिल्हा खर्चात पहिला आहे हे तुम्हाला पत्रकार परिषदेत कळतं. मे महिन्यात नळ कोरडे आहेत हे तिथे कोण सांगणार?

माझी विनंती एवढीच आहे की जिल्हा नियोजन समितीची पुढची बैठक होईल तेव्हा तुमच्या प्रतिनिधीने पालकमंत्र्यांना आणि जिल्हाधिकारी साहेबांना विचारावं, ‘हर घर जल’ जाहीर झालेल्या किती गावांत मे महिन्यात नळाला पाणी होतं आणि त्यातल्या किती गावांत टँकर चालू होता. टँकरची यादी तहसीलमध्ये असते, प्रमाणित गावांची यादी जिल्हा परिषदेत असते, दोन्ही शेजारी ठेवायला एक दिवस पुरतो. उत्तर काय येईल ते आहे तसं छापा, टक्केवारी न करता गावांच्या नावासकट.

आपली,
जि. प.ची एक निवृत्त कर्मचारी आणि तुमची जुनी वाचक