विषय : सीडी वाजते, पण ४८ किलोहर्ट्झचा आवाज घेत नाही असा म्युझिक प्लेअर बदलून मिळण्याबाबत

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

अक्षय्य तृतीयेला मी आपल्या कंपनीचा म्युझिक प्लेअर सावंतवाडीच्या दुकानातून रु. ३८,५०० देऊन घेतला. पावती, वॉरंटी कार्ड आणि खोक्यावरच्या मजकुराचा फोटो सोबत जोडला आहे. टीव्ही, डीव्हीडी प्लेअर, कॉम्प्युटर सगळं या एका यंत्राला जोडता येईल, एवढ्यासाठीच तो घेतला. ऑप्टिकल (प्रकाशाची वायर) आणि कोॲक्सियल (धातूची वायर) या दोन्ही जोडण्यांपुढे आपण '३२ ते ९६ किलोहर्ट्झ', म्हणजे आवाजाचे सेकंदाला ३२ ते ९६ हजार नमुने, असं स्वतः छापलं आहे.

माझे वडील डबलबारीत, म्हणजे दोन भजनी मंडळांच्या सामन्यात, पखवाज वाजवत. त्यांच्या अकरा कॅसेट घरात होत्या. वेंगुर्ल्याच्या दमट हवेत दोन बुरशीने गेल्या. उरलेल्या नऊ भाच्याने कॉम्प्युटरवर उतरवून दिल्या, ४८ किलोहर्ट्झवर. आई ८३ वर्षांची आहे. रोज विचारते, "तुझ्या बापाशीचो पखवाज कधी ऐकवतलस?"

पहिल्या दिवशी सीडी लावली तेव्हा आवाज फार चांगला आला, हे मी मोकळेपणाने सांगतो. मग टीव्ही ऑप्टिकलने जोडला, तर काहीच ऐकू येईना. आपल्या हेल्पलाइनवरच्या मुलीने टीव्हीचं सेटिंग डॉल्बीवरून (दाबून पाठवलेला आवाज) पीसीएमवर (न दाबलेला साधा डिजिटल आवाज) न्यायला सांगितलं. सल्ला बरोबर होता, कारण डॉल्बी उलगडण्याची सोय या प्लेअरमध्ये नाही. तसं केलं. तरी आवाज नाही. दुसरी वायर आणली, तिच्या टोकाला लाल उजेड स्पष्ट दिसतो, तरी नाही.

तीन वेळा फोन केल्यावर सतराव्या दिवशी मेकॅनिक आला. दहा मिनिटं थांबला, पिना पुसल्या आणि कागदावर लिहून गेला : 'खाऱ्या हवेमुळे नुकसान, वॉरंटीत बसत नाही.' माझी मुख्य तक्रार या एका ओळीबद्दल आहे.

तो गेल्यावर मी स्वतः तपासलं. डीव्हीडी प्लेअर कोॲक्सियलने जोडला. त्यात गाण्यांची सीडी घातली, आवाज आला. वायरीला हात न लावता सीडी काढून डीव्हीडी घातली, आवाज बंद. परत सीडी, आवाज चालू. सहा वेळा केलं, सहाही वेळा तेच. वायर तीच, पिन तीच, यंत्रं तीच. फरक एकच : सीडीवर आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, डीव्हीडीवर ४८,०००. मग कॉम्प्युटर जोडला आणि वडिलांचं एकच भजन वेगवेगळ्या सेटिंगवर वाजवून पाहिलं. ४४.१ ला पखवाज खणखणीत, ४८ ला शांतता, ९६ लाही शांतता.

पिन गंजली तर आवाज खरखरतो, मध्येच तुटतो, आणि तो सीडीचाही तुटतो. गंज काय करतो हे आम्ही खिडकीच्या गजांवर आणि पंख्याच्या पात्यांवर दर पावसाळ्यात पाहतो. शिवाय ऑप्टिकल वायरीतून प्रकाश जातो, तिथे गंजायला धातूचा जोडच नाही. दोष आपल्या यंत्राच्या आत आहे आणि तो पहिल्या दिवसापासून आहे. समुद्राकाठी राहतो म्हणून तो माझ्या माथी मारू नये.

त्यानंतर आपल्याकडून दोन उपाय सुचवले गेले. फायली ४४.१ वर बदलून घ्या, हा पहिला. फायली बदलता येतील, पण माझा टीव्ही ऑप्टिकलवर ४८ च देतो, त्याचं काय? आणि छापलेली गोष्ट यंत्र करत नसेल तर बदल मी का करायचा? दुसरा उपाय ब्लूटूथचा. नेहमीच्या ब्लूटूथमध्ये आवाज दाबून पाठवला जातो : सीडीचा प्रवाह सेकंदाला १,४११ किलोबिटचा, ब्लूटूथच्या साध्या पद्धतीत तो जास्तीत जास्त सव्वातीनशेच्या आसपास. कणीक लावलेल्या डाव्या पुडीचा घुमारा त्यात पोकळ लागतो. पखवाज ऐकत वाढलेल्या माणसाला हा फरक कळतो. आणि मी दिवसभर काजूच्या कारखान्यावर असतो, मागे आईने फोन जोडायचा कसा? तिला एक बटण फिरवता येतं.

नऊ किलोचं यंत्र स्वखर्चाने कोल्हापूरला आणा, असंही सांगण्यात आलं. भर पावसात एसटीने आंबोली घाट चढून मी ते आणणार नाही.

खाऱ्या हवेचा शेरा लेखी रद्द करावा. दुसरा प्लेअर माझ्या घरी आणून ४८ आणि ९६ किलोहर्ट्झवर माझ्यासमोर वाजवून द्यावा आणि हा आपल्या खर्चाने परत न्यावा. ते जमत नसेल तर पूर्ण रक्कम परत करावी. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही, तर मी ओरोसच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे मी राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते.

चतुर्थीला सगळे घरी येतात आणि गणपतीपुढे भजन होतं. त्याआधी हे व्हावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मेकॅनिकने येताना काही आणायची गरज नाही. डीव्हीडी प्लेअर जोडून ठेवला आहे, एक सीडी आणि एक डीव्हीडी त्याच्याशेजारी काढून ठेवली आहे.

आपला ग्राहक,
वेंगुर्ला, जि. सिंधुदुर्ग