बेम्प्टन क्लिफ्स पक्षी सहल: शनिवारी निघण्याआधी वाचा

सभासदहो,

येत्या शनिवारी सकाळी 9 वाजता बेम्प्टन क्लिफ्सच्या (इंग्लंडमधल्या यॉर्कशरचे समुद्रकडे) वाहनतळावर जमायचे आहे. रेल्वेने येणाऱ्यांनी हल-स्कारबरो मार्गावरच्या बेम्प्टन स्थानकावर उतरावे. पुढे साधारण दीड मैल पायी. उशीर करू नका, कड्यांचे तोंड ईशान्येला आहे. दुपारी कडा सावलीत गेला की पक्ष्यांचे रंग नीट कळत नाहीत.

दुर्बीण 8×42 (8 पट मोठे दाखवणारी, 42 मिमी भिंगाची) पुरे. 10× वाऱ्यात फार हलते. जून असला तरी विंडचीटर हवाच, छत्री नको.

पफिन हा छोटा समुद्रपक्षी सगळ्यांनाच पाहायचा असतो. इथे तो बिळात नाही, खडूच्या कड्यातल्या कपारीत घरटे करतो, त्यामुळे पटकन सापडत नाही. पक्षी जेमतेम 30 सेंमी; केशरी पाय शोधा. गिलेमॉटची चोच टोकदार, अंग चॉकलेटी. रेझरबिलची चोच जाड, बोथट, तिच्यावर पांढरी रेघ. गॅनेट शोधावा लागत नाही: पावणेदोन मीटरच्या आसपास पंखविस्तार, पिवळसर डोके, पंखांची टोके काळी.

कठड्यावर मुलांना चढवू नका, पलीकडे कोणीही जाऊ नये. कडा ठिसूळ आहे, वरून भक्कम दिसणारे गवत खालून पोकळ असू शकते. मेलेल्या पक्ष्याला हात लावू नका, बर्ड फ्लूचा धोका असतो. तिथल्या कर्मचाऱ्यांना कळवा.