नोटा छापल्या, पण सुकल्या कधी?

महोदय,

नाशिकरोडला 1928 पासून नोटांचा छापखाना आहे. त्यामुळे ‘मनी हाइस्ट’ ही स्पॅनिश मालिका इथे जरा संशयानेच पाहिली जाते. माद्रिदच्या टांकसाळीत शिरलेली टोळी 50 युरोच्या नोटा छापते आणि 98.4 कोटी युरो घेऊन पसार होते. म्हणजे सुमारे 1 कोटी 97 लाख नोटा! एक नोट साधारण 0.9 ग्रॅमची, तेव्हा माल 18 टनांच्या घरात गेला. तो भुयारातून मोजक्या माणसांनी हलवला, हेही मान्य करू. पण शाईचं काय? आधी ऑफसेटने पार्श्वभूमी छापतात, मग कोरलेल्या प्लेटच्या प्रचंड दाबाने उठावदार छपाई होते. तिची शाई दाट असते. ताव सुकायला वेळ दिला नाही, तर एकाची शाई वरच्या तावाच्या पाठीला लागते. क्रमांक आणि कटाई त्यानंतरची.

कलाटण्या मात्र टांकसाळीच्या दरोड्यात पक्क्या आहेत. टोळीत नाती जुळवायची नाहीत हा नियम टोळीचा सूत्रधार असलेल्या प्रोफेसरचाच. आणि तो स्वतःच तपास अधिकारी राकेलच्या प्रेमात पडतो. पुढचे बरेचसे धोके तिथूनच उद्भवतात, म्हणून ते पटतात. नंतरच्या, बँक ऑफ स्पेनच्या दरोड्यात मात्र लेखक अडला की फ्लॅशबॅक हजर, ‘याची तयारी आधीच झाली होती’! यात प्रोफेसरची हुशारी कुठली? पहिल्या दरोड्यात मेलेल्या, टोळीतल्या बर्लिनलाही उगाच इतकं ताणलं आहे.

– एक वाचक, जेलरोड, नाशिकरोड